राहेल म्हणजे खरंच मेंढी का?

मुक्ता_ठाणे

मंडळी, आमच्या घरात सध्या बारशापेक्षा भांडणाची तयारी जोरात आहे, म्हणून हा धागा.

धाकट्या भावाला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. वहिनी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू (यहुदी) समाजातली, माहेर मूळ अलिबागकडचं. तिच्या पणजीचं नाव राहेल होतं आणि पहिली मुलगी झाली तर तेच ठेवायचं हे लग्नाआधीच ठरलेलं. आईचीही काही हरकत नव्हती. राहेल काय, राधा काय, 'रा' तर जुळतंय म्हणाली. परवा तिच्या भिशीतल्या कुणीतरी मोबाईलवर अर्थ शोधून दिला : मेंढी. तेव्हापासून आई गप्प आहे. आमची आई गप्प असणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. काल फक्त एवढंच म्हणाली, "शाळेत पोरं बें बें करतील, तेव्हा मला सांगू नका."

तर हा अर्थ खरा आहे का? की अशा अर्थांच्या याद्या कुणीही ठोकून देतं? आणि म्हणायचं राहेल की रेचल? वहिनीला विचारलं तर म्हणते, "आमच्याकडे अर्थ कुणी विचारत नाही, पणजी आठवते."

खट्याळ_काका

आमच्या वर्गात एक कोकिळा होती. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. अर्थाचं काय घेऊन बसलात!

निंबोणी

बाळाचं अभिनंदन! माझ्याकडे नावांचं पुस्तक आहे, त्यात राहेल = 'ईश्वराची कृपा' असं दिलंय. आईंना हेच दाखवा आणि विषय मिटवा.

शब्दवेडा

निंबोणी, विषय मिटेल पण चुकीच्या अर्थावर मिटेल. 'कृपा' हा हन्ना या नावाचा अर्थ. तेही हिब्रूच, म्हणून यादी करणाऱ्याची ओळ घसरली असावी.

मुक्ता, अर्थ खरा आहे. हिब्रूत राहेल म्हणजे मेंढी, मादी. एडका नव्हे, कोकरूही नव्हे, चांगली पोक्त मेंढी. अरबीत मादी कोकराला 'रिख्ल' म्हणतात, अक्कडी या प्राचीन भाषेत मेंढीला 'लाह्रु'. अक्षरांची अदलाबदल झालीय, पण कूळ तेच. म्हणजे हा अर्थ कुणी मागाहून चिकटवलेला नाही, तो रोजच्या वापरातला साधा शब्द होता.

गंमत अशी की बायबलमध्ये हा शब्द नाव म्हणूनही येतो आणि जनावर म्हणूनही. उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात याकोब सासऱ्यावर, लाबानावर, भडकतो आणि म्हणतो, वीस वर्षं तुझ्याकडे राबलो, तुझ्या मेंढ्या-शेळ्या कधी गाभटल्या नाहीत. या 'मेंढ्या' म्हणजे मुळात 'रहेलीम'. आणि त्याच अध्यायात त्याची बायको राहेल बापाच्या घरातल्या देवांच्या मूर्ती चोरून, उंटाच्या खोगिरात लपवून वर बसलेली असते! पुढे यशयाच्या ५३व्या अध्यायात लोकर कातरणाऱ्यांपुढे मुकाट उभी राहणारी मेंढी आहे, तिथेही शब्द राहेलच.

आईंना हेही सांगा की राहेलची थोरली बहीण लेआ. तिच्या नावाचा एक अर्थ 'थकलेली' असा लावतात, दुसरा 'गाय'. लाबानाच्या घरात एक गाय आणि एक मेंढी, दोघी एकाच दावणीला.

खट्याळ_काका

आणि जावई बैल. चौदा वर्षं राबला बिचारा!

मुक्ता_ठाणे

काका 😄 शब्दवेडा, आभार, पण हे आईला सांगितलं तर ती लेआसुद्धा यादीतून काढेल. वहिनीचं दुसरं पसंतीचं नाव तेच होतं.

माणदेशी_मेंढका

आज जरा वाईट वाटलं वाचून. मी धनगर. वडलांच्या मागं आठ महिने मेंढरांबरोबर फिरलेला माणूस, आता पुण्यात बँकेत आहे. मेंढी म्हणजे शिवी कधीपासून झाली ओ?

आमच्या कळपात शे-सव्वाशे मेंढरं असायची. वडील प्रत्येकीला ओळखायचे, तोंडावरून नाही, चालीवरून. अंधारात नुसत्या खोकल्यावरून सांगायचे, ही काळतोंडी, ही लांबकानी. आई एका मेंढीला 'बाय' म्हणायची. तिला दुसरं नावच नव्हतं. ती व्याली तेव्हा पाऊस होता. आईनं स्वतःची घोंगडी तिच्या अंगावर टाकली आणि आम्ही पोरं तशीच कुडकुडत बसलो. ज्या लोकांची सगळी इस्टेट चार पायांवर चालते ते पोरीला मेंढीचं नाव देतात, तेव्हा ते तिला लक्ष्मी म्हणत असतात. शहरातल्या पोरांनी मेंढी फक्त चित्रात बघितलीय म्हणून बें बें सुचतं.

आणि त्या याकोबाची गोष्ट वाचली तर मला आमचा खंडोबाच आठवला. सारीपाटात म्हाळसेकडून हरला, बारा वर्षं घर सोडलं, चंदनपुरीला बाणाईच्या घरी चाकरीला राहिला. मेंढरं राखली, तेव्हा कुठं बाणाई मिळाली. घरी आणल्यावर दोन बायकांची भांडणं. वाघ्या-मुरळीची जागरणातली निम्मी गाणी त्याच भांडणांवर आहेत. इथंही दोन बायका, मेंढरं आणि सासऱ्याकडची चाकरी!

निंबोणी

मेंढकाजी, माफ करा, माझ्या मनात तसं नव्हतं. तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

कोकणी_काजू

मेंढकांचा मुद्दा जबरदस्त. बेने इस्रायल कोकणात आले त्यांनीच ही गोष्ट इथे आणली असेल, तीच पुढे खंडोबाला चिकटली असेल. यावर कुणी संशोधन केलंय का?

तर्कटी

झालं सुरू. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एक दुसरीवरून आलीच पाहिजे का? जिथे जिथे मेंढपाळ आहेत आणि मुलीसाठी द्यायला रोकडा नाही, तिथे तिथे जावई चाकरी करून बायको मिळवतो. याकोबही हात हलवत आला होता, खंडोबाही. घरजावई ही चीज दोन जागी स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. माझ्याच चाळीत तीन होते.

दुसरं, काकांची चूक. चौदा वर्षं थांबून राहेल मिळाली हे चुकीचं. सात वर्षं राबला, लग्नाच्या रात्री लाबानानं लेआला पाठवलं, सकाळी उजेडात कळलं. मग लेआचा आठवडा उरकला आणि लगेच राहेल दिली. पुढची सात वर्षं उधारीची. म्हणजे माल आधी, हप्ते नंतर.

खट्याळ_काका

म्हणजे ईएमआय. चूक मान्य.

वसईवाली

आमच्या वसईत कॅथलिक घरांतून रेचल भरपूर. गोव्यातल्या माझ्या नणंदेची मुलगी राकेल, पोर्तुगीज वळणाची. नाव एकच.

पण मी जरा वेगळं बोलते, राग नको. माझ्या आजीला हे नाव नातीला ठेवू द्यायचं नव्हतं. कारण मेंढी नव्हे. राहेल बाळंतपणात गेली. बेथलेहेमच्या वाटेवर, दुसऱ्या मुलाच्या वेळी. जीव जाताना तिनं त्याचं नाव 'माझ्या दुःखाचा पुत्र' अशा अर्थाचं बेनोनी ठेवलं, बापानं बदलून बन्यामीन केलं. पुढे बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकात येतं की राहेल आपल्या लेकरांसाठी रडतेय आणि कुणी समजूत घातली तरी ऐकत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजा लहान मुलं मारवतो तिथे हेच वचन पुन्हा घेतलंय. दर नाताळाच्या आठवड्यात २८ डिसेंबरला त्या निष्पाप बाळांचा सण येतो. आजी म्हणायची, असं रडणारं नाव पाळण्यात घालायचं कशाला?

ऐकलं कुणी नाही. ती बहीण आज पन्नाशीची आहे, दोन मुलांची आई, आणि आमच्या सगळ्यांत जास्त हसणारी तीच. तरी आजीचं म्हणणं डोक्यात राहिलंय.

तर्कटी

सीता, द्रौपदी, दमयंती... दुःख बघून नावं गाळायची तर आपल्याकडे पिंकीच उरेल.

मुक्ता_ठाणे

हे आईला अजिबात दाखवणार नाही 😬 वसईवाली, तुमच्या आजीचं म्हणणं मात्र कळलं मला.

अश्दोदकर

नमस्कार. मी इस्रायलमधल्या अश्दोद शहरातून लिहितो. १९७१ साली आईवडिलांबरोबर आलो, तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मराठी टायपिंग नातवानं शिकवलं, चुका पोटात घाला. इथे अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा सगळीकडे आपले मराठी लोक आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही इथून निघायचं.

उच्चाराविषयी. इथे राखेल म्हणतात, 'ख' घशातून घासून काढायचा. मूळ अक्षर 'हेत', ते मराठीत नाही, म्हणून कुणी ह लिहितो कुणी ख. मराठी बायबलात राहेल आहे, आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्याही राहेलच म्हणत. तेव्हा राहेल बरोबर. रेचल इंग्रजांनी केलं. माझ्या आईची आत्या राहेल. इथे विमानतळावर कारकुनानं राखेल लिहिलं तर म्हणाली, "ही कोण बाई? मी नाही जाणार हिच्या कागदावर."

मेंढीविषयी इथे कुणालाच काही वाटत नाही, कारण हिब्रूत अशी नावं ढीगभर आहेत. दबोरा म्हणजे मधमाशी, याएल म्हणजे डोंगरी बकरी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, योना म्हणजे कबूतर. माझ्या सुनेचं नाव याएल. तिला बकरी म्हणून बघा, मग सांगते ती.

दर शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की बाप मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. लेआ थोरली असूनही राहेल आधी. तुमच्या भाचीला हा आशीर्वाद मिळेल तेव्हा तिचं स्वतःचं नाव त्यात असेल. आणखी काय पाहिजे?

बेथलेहेमच्या वेशीवर राहेलची कबर आहे. पूर्वी घुमट आणि मोकळं रान, आता आजूबाजूला भिंती आणि पहारा. मूल होत नाही म्हणून बायका तिथे जातात, कबरीभोवती लाल दोरा गुंडाळून आणतात आणि मनगटाला बांधतात. माझ्या आईनं तो बघितला आणि म्हणाली, "हा तर आपला गंडा!"

अजून एक. आमच्या वीस शेकेलच्या नोटेवर एक बाई आहे, कवयित्री. तिचंही नाव राहेल. रशियात १८९०ला जन्मली, क्षयानं १९३१ला वारली. आडनाव न लावता फक्त राहेल एवढीच सही करायची. किन्नेरेत तळ्याच्या काठी कबर आहे, शेजारी पत्र्याच्या पेटीत साखळीनं बांधलेलं तिच्या कवितांचं पुस्तक. येणारा बसतो, एक कविता वाचतो, पुस्तक परत पेटीत ठेवतो. मी वाचली आहे. अर्धी समजली.

निंबोणी

"अर्धी समजली" ❤️

कोकणी_काजू

अश्दोदकर काका, तुम्ही मूळ कुठल्या गावचे? आणि बेने इस्रायल म्हणजे प्राचीन इस्रायलच्या त्या हरवलेल्या दहा वंशांपैकीच ना? आमच्याकडे एक जण ठामपणे सांगतो की चित्पावनही त्यातलेच, बेने इस्रायलांचे पूर्वज ज्यातून आले म्हणतात त्या नवगावला फुटलेल्या जहाजातलेच.

तर्कटी

आता चित्पावन आले. पॉपकॉर्न आणा कुणीतरी.

संपादक_मंडळ

जहाज, चित्पावन, हरवलेले वंश यांवर आधीच सहा धागे आहेत आणि त्यांतले चार कुलुपबंद आहेत. इथे नावावरच बोलावे.

पेणची_आत्या

मी बेने इस्रायल. सासर-माहेर दोन्ही रायगड जिल्ह्यात, वय सत्तरच्या पुढे. मुलगी टाइप करते, मी सांगते.

पहिली गोष्ट, आमच्या जुन्या बायकांची नावं सगळी बायबलातली असायची असं समजू नका. माझ्या आजीचं नाव लाडूबाई, तिच्या जावेचं साकूबाई. पुरुषांची हिब्रू नावंही मराठी करून वापरायची, शमुवेलचा सामाजी, इसहाकचा इसाजी. मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. कागदावर नाव वाचून कुणी म्हणेल का हा यहुदी? लोक त्या जागेला मशीदच म्हणायचे. लोकलच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण घाणे आमचे आणि शनिवारी बंद. मग शाळा आल्या, छापील मराठी धर्मपुस्तकं घरात आली, तशी राहेल, रिबका, एस्तेर, हन्ना ही नावं वाढली. डॉक्टर जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ला पद्मश्री मिळाली. जेरुशा हे नावही बायबलातलं, राजाच्या आईचं. माझ्या थोरल्या बहिणीचा जन्म त्यांच्या हातचा, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

दुसरी गोष्ट. माझ्या सासूबाई राहेलबाई. नऊवारी, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र. फोटो बघितला तर शेजारच्या जोशीकाकूंपासून वेगळं काढता येणार नाही. नवऱ्याला त्या "अहो" सुद्धा म्हणत नसत, नुसतं खाकरायच्या. शुक्रवारी दिवे लागणीला तेलाचा टांगता पेला पेटवायच्या. काचेचा, अर्धा पाणी आणि वर तेल. वात लावली की दोन्ही तळवे ज्योतीवर धरून मग तोंडाला लावायच्या. नव्या वर्षाला चिकाचा हलवा त्यांच्याच हातचा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, आणि ढवळत राहायचं, हात मोडेपर्यंत. कढईच्या कडेपासून गोळा सुटायला लागला की म्हणायच्या, "आता सोडलं त्यानं माहेर."

त्यांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या नावाचा अर्थ काय? म्हणाल्या, "चार सुना आल्या, कुणी नाही विचारलं. तूच काय ती शिकलेली." सांगितला नाही. ठाऊक असणार. सिनेगॉगात कीर्तनाला पुढे बसायच्या आणि याकोब-राहेलचं आख्यान पाठ होतं त्यांना. विहिरीवरचा धोंडा याकोब एकटा सरकवतो तिथे माना डोलवायच्या.

मुक्ता, तुझ्या आईला म्हणावं फोन कर. मी बोलते.

कोकणी_काजू

आत्या, साष्टांग. चिकाच्या हलव्याचा वेगळा धागा काढा!

शब्दवेडा

आत्यांच्या प्रतिसादानंतर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, पण वसईवालींच्या आजीला उत्तर द्यायचं राहिलंय.

राहेल रडते, हे खरं. पण ज्यूंच्या जुन्या कथांमध्ये त्या रडण्याला पुढचा भाग आहे. लाबान फसवणार हे याकोब-राहेलला आधीच माहीत होतं, म्हणून दोघांनी आपसात खुणा ठरवल्या होत्या. ऐन वेळी राहेलच्या मनात आलं, बहीण पकडली गेली तर भर मांडवात तिची लाज जाईल. म्हणून त्या खुणा तिनं स्वतःच लेआला सांगून टाकल्या. पुढे यरुशलेमचं मंदिर पडतं, लोक बंदिवान होऊन जातात. अब्राहाम, मोशे सगळे देवाकडे रदबदली करतात, देव कुणाचं ऐकत नाही. मग राहेल उभी राहते आणि म्हणते : मी हाडामांसाची बाई, सवत घरात येत होती तरी मत्सर गिळला. तू तर देव, तुला निर्जीव मूर्तींचा कसला मत्सर? आणि देव नमतो. यिर्मयातही त्या रडण्याच्या पुढच्याच ओळी आहेत : रडणं आवर, तुझी लेकरं परत येतील. मत्तयानं फक्त पहिली ओळ घेतली, म्हणून ख्रिस्ती घरांत तेवढीच कानावर पडते.

आता मेंढीकडे. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, रब्बी (धर्मपंडित) अकीवाची गोष्ट आहे. अकीवा अडाणी मेंढपाळ. धनाढ्य मालकाची मुलगी त्याच्याशी लग्न करते, बाप तिला घराबाहेर काढतो. ती नवऱ्याला शिकायला पाठवते, बारा वर्षं आणि मग पुन्हा बारा वर्षं. तो चोवीस हजार शिष्य घेऊन परततो. फाटक्या कपड्यांतली बायको पाया पडायला पुढे येते, शिष्य तिला ढकलतात. तो म्हणतो, सोडा तिला, माझं आणि तुमचं जे काही आहे ते तिचंच आहे. पुढे त्यांच्या मुलीनंही आपल्या नवऱ्याला असंच शिकायला पाठवलं, आणि तिथे अरामी म्हण येते : "रहेला बातर रहेला अझला", मेंढीमागून मेंढी चालते. आपण म्हणतो ना, खाण तशी माती.

मजा अशी की तालमुदात त्या बायकोचं नावच दिलेलं नाही. राहेल हे नाव दुसऱ्या एका ग्रंथात येतं. काही अभ्यासकांना वाटतं की या म्हणीतल्या मेंढीवरूनच तिला ते नाव मिळालं असेल. म्हणजे इथे नावाचा अर्थ मेंढी नाही, मेंढीचंच नाव झालं!

माणदेशी_मेंढका

मेंढीमागून मेंढी चालते हे पुस्तकात वाचायला लागत नाही. पुढची नाल्यात उतरली की सगळा कळप नाल्यात. पण पुढं कुठली घालायची हे मेंढका ठरवतो, आणि ती नेहमी जुनी जाणती मादीच असते. एडका नाही.

वसईवाली

शब्दवेडा, त्या पुढच्या ओळी मी पन्नास वर्षं ऐकल्याच नव्हत्या. काल रात्री बायबल काढून वाचल्या. बहिणीलाही फोन केला. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, तुम्ही कुणी विचारलंच नाही."

सदाशिव_पेठी

अर्थ वगैरे ठीक आहे, पण खरी अडचण कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. मराठीत शुद्ध रूप 'राहील', आणि 'करेल', 'राहेल' असं लिहिणाऱ्यांची संख्या बेसुमार वाढलेली आहे. मोबाईलही दुरुस्त करून 'राहील' करणार. मुलीचं आयुष्य वेलांटी आणि मात्रेत जाईल. 'राहेल घरी राहील' हे वाक्य शुद्धलेखनाला घालण्यासारखं आहे.

खट्याळ_काका

बाई : हजर कोण? मुलगी : राहेल. बाई : अगं राहील काय, आत्ता आहेस का?

निंबोणी

केरळातल्या माझ्या सहकारिणीची आजी राहेलअम्मा. तिच्याकडे सुसान्नाची सोसम्मा, अन्नाची अन्नम्मा. अम्मा लावलं की प्रश्नच मिटतो. राहेलबाई म्हणा.

तर्कटी

एकोणतीस दिवसांच्या मुलीला बाई?

अश्दोदकर

माझ्या आजीकडे १८७४ साली पुण्यात छापलेली हग्गादा होती, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी. त्यात चित्रं होती, साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. आम्ही पोरं त्यातल्या एकीला राहेल म्हणायचो, एकीला लेआ. लाटणारी राहेल, भाजणारी लेआ. का ते माहीत नाही. आज अचानक आठवलं.

मुक्ता_ठाणे

काय झालं ते सांगायला आले, उशिराबद्दल माफी.

आईनं आत्यांना फोन केला. मी बारा मिनिटं धरून चालले होते, सव्वा तास झाला. नावावर किती बोलल्या देव जाणे, मला ऐकू आलं ते सगळं गुडघे, सुना आणि हलव्याला चीक किती दिवस भिजवायचा यावर. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "त्यांच्या सासूबाई आपल्या आत्तीसारख्या दिसायच्या म्हणे." एवढंच. मग मेंढकाजींचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. घोंगडीपर्यंत आले तेव्हा ती उठून आत गेली आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करून आली.

बारसं रविवारी झालं. पाळणा आईच्या माहेरचा, लाकडी, त्याला वहिनीच्या आईनं मोगऱ्याचे गजरे बांधले. वहिनीच्या मामांनी हिब्रूत आशीर्वाद म्हटला, आमच्या काकूनं पाळणा म्हटला, आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या"ला मामाच सगळ्यांत पुढे. कानात नाव सांगायची पाळी माझी. राहेल म्हटलं. तिनं शिंक दिली.

आता सदाशिव_पेठी, तुमची जीभ काळी आहे. जन्मदाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरला, दाखला आला : 'कुमारी राहील'. भाऊ कार्यालयात गेला. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "बरोबरच आहे की, राहेल अशुद्ध आहे." दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, आईबापाचे आधार, दोन फेऱ्या. काल दुसरी फेरी झाली, सोमवारी पुन्हा बोलावलंय.

सदाशिव_पेठी

तो मनुष्य भाषेला जागणारा दिसतो. माझा नमस्कार सांगा.

पेणची_आत्या

हलव्याला चीक तीन दिवस, तुझी आई चार म्हणते. तिला सांग, चार दिवसांत आंबतो.